चिकटपट्टीखालचा नंबर

त्या दिवशी सकाळपासून नकशीवालीचं तोंड चालत होतं आणि हात थांबला होता. एरवी उलटं असायचं. एरवी ती तासन्‌तास मान खाली घालून धातूवर कलम चालवायची, कोणी हाक मारली तर नुसतं ‘हं’ म्हणायची. आज तिनं दुकानाची फरशी दोनदा पुसली, कलमांना तीनदा धार लावली, आणि भिंतीवरचा कागद किती वेळा वाचला त्याची तर गणतीच नाही. पाठ होता तिला तो. तरी वाचायची आणि स्वतःशीच पुटपुटायची.

कागद परवानासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. हत्यारांचे परवाने देणारा माणूस म्हणून सगळे त्यांना परवानासाहेबच म्हणत. महिन्यापूर्वी ती कचेरीत गेली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं होतं.

“बाई, बंदुकीवर नाव कोरणं म्हणजे शाळेच्या ढालीवर नाव कोरणं नव्हे.”

“कळतंय साहेब. म्हणून तर विचारायला आले.”

“मग लिहून घ्या. नको, मीच लिहितो. तुम्ही लोक ऐकता एक आणि करता भलतंच.”

आणि त्यांनी लिहिलं. मालकाचा परवाना आधी बघायचा, त्यातला नंबर बंदुकीवरच्या नंबराशी आकडा आकडा जुळवायचा. कोरायची मंजुरी मालकानं कचेरीतून आणलेली असली पाहिजे. मालक समोर बसलेला असला पाहिजे. तो उठला तर बंदूक त्याच्याबरोबर उठली पाहिजे, कारण दुसऱ्याचं हत्यार ठेवायचा परवाना दुकानाला नाही. कारखान्याचा शिक्का आणि नंबर यांना केसाइतकाही धक्का नको. नंबर पुसला तरी तुरुंग, पुसलेला पुन्हा कोरला तरी तुरुंग. आणि जे जे झालं ते त्याच दिवशी वहीत लिहायचं.

“पहिलं काम घ्याल त्या दिवशी पाच वाजता मी स्वतः येऊन बघेन,” साहेब म्हणाले होते. “नीट झालं तर तुमच्या दुकानाच्या परवान्याचा अर्ज वर पाठवतो. नाहीतर अर्ज इथेच, ह्या खणात.”

एवढा जीव टांगणीला लागायचं कारण हेच. बाजारात नाव कोरायचं यंत्र आलं होतं. बटण दाबलं की ढाल तयार, दुसरं दाबलं की दारावरची पाटी तयार. दोन वर्षांत नकशीवालीचं दुकान ओस पडलं. पण बंदुकीचं काम यंत्रवाला घेईना. त्या अटी बघून त्यानं कानाला खडा लावला होता. डोंगराकडच्या सगळ्या रानांत राखणीच्या बंदुका होत्या, जंगलखात्याच्या वेगळ्याच. तो परवाना मिळाला तर दुकान उभं राहणार होतं. नाही मिळाला तर तिनं कोंबड्यांच्या कारखान्यात अंडी मोजायला जायचं, हे तिच्या नवऱ्यानं फोनवर ठरवूनही टाकलं होतं. नवरा ट्रकवर असायचा, पंधरा पंधरा दिवस लांब. लांबून ठरवायला काय जातंय!

घरात उरले सासरे. आबा. ही कला तिला शिकवली ती आबांनीच. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी सरळ रेघ मारता येत नव्हती, आणि आबा म्हणाले होते, “पोरी, धातूवर ओढलेली रेघ परत घेता येत नाही. आधी मनात ओढ.” आता आबांची नजर गेली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं, दुसऱ्याला नुसता उजेड आणि सावली. पण हात बसू देईना. म्हणून घासाईचं काम त्यांच्याकडे. कोरण्याआधी धातू घासून गुळगुळीत करायचा आणि कोरून झालं की पुन्हा उजळायचा. ते अंगठ्यानं बघायचे. उजवा अंगठा धातूवरून फिरवला की कुठे खड्डा, कुठे ओरखडा, त्यांना डोळसापेक्षा आधी कळायचं.

आणि त्यांना जागा कळावी म्हणून दोघांनी एक खूण ठरवली होती. जिथे घासायचं तिथे ती चिकटपट्टीचा तुकडा लावायची. आबा चाचपडत पट्टी शोधायचे, ती काढायची, त्याच्या खालचं घासायचं. चार वर्षं असं चाललं होतं. कधी चूक नाही, कधी विचारणं नाही.

आजच्या कामाचं तिनं आबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अर्ध्या गल्लीला कळलं असतं, आणि आबांनी मध्ये मध्ये करून जीव खाल्ला असता. तिनं शाळेची जुनी पितळी घंटा त्यांच्या मांडीवर दिली, मागच्या खोलीत बसवलं आणि म्हणाली, “आबा, ही आज पुरी झाली पाहिजे.”

“एवढी घाई? शाळा पळून चालली आहे का?”

“चालली आहे असं समजा.”

साडेनऊला मकेवाला आला. डोंगराच्या पायथ्याशी त्याचा दहा एकर मका, म्हणून नाव मकेवाला. मोटरसायकलला पोत्यात गुंडाळलेली दुनळी बंदूक बांधलेली, डोळे तांबारलेले, पायाला चिखल.

“चार रात्री झोप नाही वहिनी. डुकरं नुसती हैदोस घालतायत. कणसं दुधात आलीत ना, त्यांना बरोबर कळतं.”

“मग बार काढायचा की. परवाना आहे तुमच्याकडे.”

“परवाना आहे, पण आई आहे ना घरात!” तो वैतागून हसला. “बाबांची बंदूक. ते गेले, ती माझ्या नावावर व्हायला आठ महिने गेले. आणि आता आई म्हणते, त्यांचं नाव घातल्याशिवाय हिला हात लावायचा नाही. म्हणते, त्यांची वस्तू तू बिननावाची वापरणार? आता तिच्यापुढे कोण बोलणार? डुकरं मका खातायत आणि मी डबे बडवतोय.”

नकशीवालीनं परवाना घेतला, मंजुरीचा कागद घेतला. बंदूक रिकामी आहे हे त्यानं नळ्या बिजागरीवर खाली वाकवून दाखवलं. चापाच्या वर जी पोलादी पेटी असते तिच्या डाव्या अंगाला नंबर होता. सात आकडे. दोन पिढ्यांच्या हातांनी आणि तेलानं झिजलेले, उथळ, तिरपा उजेड धरला तरच दिसतील असे. तिनं भिंग लावून एक एक आकडा वाचला, मकेवाल्यानं परवान्यातून एक एक म्हटला. जुळले. तिनं वहीत लिहिले.

“आता तुम्ही ह्या खुर्चीवर बसायचं. उठायचं नाही.”

“आणि शू लागली तर?”

“तर बंदूक घेऊन जायचं.”

त्याला हसू आलं. तिला नाही आलं. तिनं शिकंज्याच्या जबड्यांना चामडं लावून बंदूक अलगद धरली. नाव नंबराच्या वरच्या मोकळ्या जागेत घालायचं होतं, जेमतेम दोन बोटं अंतर. कलम घसरलं तर? पोलाद आहे, पितळ नाही, घसरतं. म्हणून नंबराला जपायला तिनं त्याच्यावर चिकटपट्टी लावली. चांगली दुहेरी, कडा दाबून. आणि तेव्हा तिच्या मनात दुसरं काहीही आलं नाही, हे ती पुढे स्वतःलाच शंभर वेळा सांगणार होती.

काम सुरू झालं आणि तिचा जीव थाऱ्यावर आला. कलमाची टोकदार नखी पोलादात शिरायची, हातोडीचा बारीक ठोका, चमकता केसासारखा तुकडा वळून बाहेर यायचा. पहिलं अक्षर उतरलं. मकेवाला खुर्चीच्या टोकाला येऊन बघत होता.

“बाबा असते तर म्हणाले असते, कशाला खर्च,” तो म्हणाला.

साडेअकराला दुसरं अक्षर पुरं झालं आणि त्याचा फोन वाजला. पलीकडून बायकोचा आवाज एवढा मोठा की नकशीवालीलाही ऐकू आला. कळप भरदिवसा मक्यात शिरला होता. कुंपणाची तार तुटली होती. म्हातारी काठी घेऊन एकटीच रानात गेली होती.

मकेवाला ताडकन उठला.

“भाऊ, बसा! नाहीतर थांबा, मी ही सोडवते, घेऊन जा!”

“आई गेलीय हो रानात! आलोच, अर्ध्या तासात आलो!”

“अहो, अशी ठेवून जाता येत नाही! भाऊ!”

ती शिकंज्याचा दांडा फिरवेपर्यंत मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी गेली होती. नकशीवाली दांडा तसाच धरून उभी राहिली. समोर बंदूक, खुर्ची रिकामी, आणि भिंतीवर कागद. तो उठला की बंदूक उठली पाहिजे.

तिनं बाहेरून दाराला कुलूप घातलं आणि धावली. चपलाही उलट्या घातल्या. कोपऱ्यापर्यंत, तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत. मोटरसायकल दिसेना. फोन लावला, उचलेना. गाडीवर कसा उचलणार? मग आठवलं, खतवाल्याच्या दुकानात त्याचं येणंजाणं आहे. खतवाला गिऱ्हाइकात होता. ती पोत्यांच्या रांगेत उभी राहिली, धापा टाकत, हाताला तेल आणि पोलादाचा कीस.

“काय नकशीवाल्या बाई, आज खत पेरताय की काय?” खतवाला म्हणाला, आणि रांगेतले हसले.

“मकेवाल्याच्या घरी फोन लावा. आत्ताच्या आत्ता.”

तिच्या तोंडाकडे बघून त्यानं मुकाट लावला. घरी कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा शेजारणीनं उचलला आणि निरोप घेतला. ह्या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. परत येताना तिनं मनाची समजूत घातली: कुलूप आहे. कोणी आत जाणार नाही.

कुलूप बाहेरच्यांसाठी होतं. आत कोण आहे हे ती विसरली होती.

दार उघडलं तर आबा तिच्या बाकावर बसले होते, पाठ दाराकडे, खांदे एका लयीत हलत होते. बाकावर तेलाचा दगड, त्याच्या शेजारी खरखरीत कागद, मग मऊ कागद, सगळं त्यांच्या रोजच्या क्रमानं. आणि पलीकडे चुरगळलेली चिकटपट्टी.

“आलीस?” ते वळून म्हणाले, तोंडभर हसत. “मला आधी सांगायचं नाही होय? म्हातारा गल्लीभर बोंबलेल म्हणून? बंदूक! अगं, वीस वर्षांनी बंदुकीचं पोलाद हाताला लागलं. घंटा तर कधीच झाली. बघ, तू पट्टी लावली होतीस तिथे केवढी खरखर होती. गंजलेलं असणार. काढली सगळी.”

तिनं बाकाची कड धरली. दिवा ओढून तिरपा उजेड टाकला. सातांपैकी पहिले तीन आकडे धूसर दिसत होते. पुढचे चार नव्हतेच. तिथे पोलाद आरशासारखं चमकत होतं आणि त्यात तिचंच तोंड दिसत होतं.

“बोलत का नाहीस? कमी पडली का?”

“आबा,” ती म्हणाली. “आबा, तो नंबर होता.”

त्यांचा हात थांबला.

“पट्टी मी झाकायला लावली होती. कलम लागू नये म्हणून.”

मग त्यांनी अंगठा पुन्हा त्या जागेवरून फिरवला, एकदा, दोनदा, काही राहिलंय का ते शोधत. राहिलं नव्हतं. आयुष्यभर काही राहू नये म्हणूनच तर तो अंगठा फिरला होता.

“पट्टी म्हणजे घासायचं,” ते हळू म्हणाले.

“हो आबा. पट्टी म्हणजे घासायचं. माझंच चुकलं.”

मग ती दुपार सुरू झाली. असली दुपार वैऱ्यालाही नको. बंदूक ठेवून घ्यायची परवानगी नाही. उचलून कचेरीत न्यावी तर वाटेत हत्यार बाळगल्याचा गुन्हा. तशीच सोडून जावं तर ते त्याहून वाईट. तिनं दार अर्धं ओढलं. उठली, बसली, पाणी प्यायला गेली आणि पेला भरून तसाच ठेवून आली. शाळेतून शिपाई घंटा न्यायला आला तर त्याला फटीतूनच उद्या ये म्हणाली. तो मान वाकडी करून आत डोकावायला लागला तेव्हा दार त्याच्या नाकावर लावलं. शेवटी कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, साहेब फेरीवर आहेत, काही निरोप? सांगायचंच म्हणून तिनं तोंड उघडलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “पाच वाजता येणार ना, एवढंच विचारायचं होतं.” आणि फोन ठेवून स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

आबा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. हात मांडीवर पालथे. असे रिकामे हात तिनं कधी पाहिले नव्हते.

“नंबर तुझ्याकडे लिहिलेला आहे ना?” त्यांनी विचारलं.

“आहे. वहीत.”

“मग घाल की पुन्हा. चार आकड्यांचं काम. ठोकलेल्या आकड्याचा तळ कसा असतो, कड कशी असते, मला ठाऊक आहे. तू कोर, मी अंगठ्यानं तपासतो. वर थोडं तेल नि राख चोळली की जुनं दिसेल. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

“पुसला तरी तुरुंग, पुन्हा कोरला तरी तुरुंग. लिहिलंय तिथे.”

“मग तुरुंग एकच झाला. निदान काम तरी पुरं होईल.”

ती हसली असती, दुसरा दिवस असता तर. पण तिनं पेन्सिल घेतली. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. तिनं वही समोर धरली आणि त्या लखलखीत पोलादावर चार आकडे पेन्सिलीनं रेखले. हुबेहूब उतरले. पहिल्या तिघांच्या रांगेत, त्याच झुकावानं, त्याच उंचीनं. तिच्या हाताला एवढं सोपं काम वर्षभरात आलं नव्हतं. पाच मिनिटं. फार तर दहा. परवाना मिळेल, दुकान राहील, आणि ह्या वयात म्हाताऱ्याला कोणी ठाण्यात नेणार नाही.

चार वाजता मोटरसायकलचा आवाज आला. मकेवाला आत आला तो चिखलानं माखलेला, सदरा काट्यांनी फाटलेला.

“आई?” तिनं आधी विचारलं.

“आई ठणठणीत आहे. मला शिव्या घालायला तिला भरपूर दम आहे. मका मात्र दोन एकर भुईसपाट.” आणि मग त्याचं लक्ष गेलं. “हे काय? हे... वहिनी, नंबर कुठाय?”

तिनं सांगितलं. सगळं, पट्टीपासून. त्यानं डोक्याला हात लावला.

“संपलं! आता बंदूक जप्त. परवाना रद्द. आठ महिने खेटे घातले मी त्याच्यासाठी! तुम्ही हिला सोडून बाहेर गेलातच का?”

“मी गेले?” तिचा बांध फुटला. “आणि तुम्ही कुठे गेला होता? उठू नका म्हणून घसा फोडून ओरडत होते मी! सकाळी काय सांगितलं होतं? शू लागली तरी बंदूक घेऊन जायचं!”

“आई रानात होती माझी!”

“आणि माझे सासरे आत होते!”

तसं बघितलं तर कोणाचंच खोटं नव्हतं. मकेवाला वाकून पेन्सिलीचे आकडे बघायला लागला. बघता बघता त्याचा आवाज बदलला.

“वहिनी, हे तर अगदी तसेच आहेत.”

“हो.”

“मग कोरा ना. कोण ओळखणार तुमचा हात? मी बोलणार नाही, आबा बोलणार नाहीत. साहेब येतील, बघतील, जातील. हात जोडतो तुमच्यापुढे. राहिलेला मका तरी वाचेल.”

त्यानं खरंच हात जोडले. एवढा मोठा माणूस. तिला त्याचा रागही आला आणि दयाही आली. तिनं कलम उचललं. नखी पहिल्या आकड्याच्या वळणावर टेकवली. आबांनी ठोक्यासाठी कान टवकारले. घड्याळात सव्वाचार झाले होते.

हातोडी पडली नाही.

तिची नजर वर गेली, सकाळी कोरलेल्या त्या दोन अक्षरांवर. एका मेलेल्या माणसाच्या नावाची दोन अक्षरं, आणि त्याच्या खाली ती आता काय घालणार होती?

“नाही,” ती म्हणाली. “आबांनी घासला तो चुकून. मी कोरला तर ते चुकून नसेल.”

“अहो पण...”

“भाऊ, चूक माझी आहे, ती मी सांगेन. लबाडी मला सांगता यायची नाही. रोज पोटात घेऊन बसावं लागेल. आणि आबांनासुद्धा.”

तिनं अंगठा ओला केला आणि पेन्सिलीचे आकडे पुसून टाकले. मग वही ओढली आणि लिहायला बसली. मकेवाला दाराशी जाऊन उभा राहिला, पाठ फिरवून. जाईल असं तिला वाटलं, पण गेला नाही.

साहेब पाचला दहा कमी असतानाच आले. सर्दी झाली होती, रुमाल नाकाशी. खुर्चीवर बसले, आधी वही मागितली. वाचता वाचता त्यांचा रुमाल खाली आला. उठले, बंदूक उजेडात धरली, भिंग लावलं. नकशीवालीनं दिवा त्यांच्या बाजूला ओढला.

“मोठ्यानं वाचा, काय लिहिलंय तुम्ही,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

तिनं वाचलं. मालक उठून गेला, बंदूक दुकानात राहिली, मी चाळीस मिनिटं बाहेर होते, शेवटचे चार आकडे माझ्या हातून घासले गेले, पुन्हा कोरलेले नाहीत.

“खोटं आहे!” आबा स्टुलावरून उठले.

“आबा, तुम्ही बसा.”

“का बसू? माझी घासाई तू स्वतःच्या नावावर लावतेस? साहेब, हात फिरवून बघा त्याच्यावर. बघा म्हणतो! कुठे खड्डा लागतो का? कुठे लाट लागते का? अशी घासाई हिच्या हातून जन्मात व्हायची नाही. हिला घाई फार. ते काम माझं आहे.”

साहेबांनी खरंच बोट फिरवलं. मग आबांच्या डोळ्यांपुढे बोटं धरून किती ते विचारलं. “सावली आहे, बोटं नाहीत,” आबा म्हणाले.

“पट्टीचं काय ते सांगा,” ते म्हणाले, आणि तिनं सांगितलं. चार वर्षांची खूण, घंटा, कुलूप. साहेब मध्ये दोनदा शिंकले, पण अडवलं नाही.

“बाई, तुम्हाला ठाऊक नसेल,” शेवटी ते म्हणाले. “कारखान्यात नंबर ठोकतात तेव्हा खालचं पोलादही दाबलं जातं. वरून घासलं तरी ते दाबलेलं राहतं. आमच्याकडे प्रयोगशाळेत त्याच्यावर तेजाब लावतात, आणि आकडा पुन्हा दिसतो. तुम्ही वरून कोरलं असतंत तर तेही दिसलं असतं. मग मला तुम्हा तिघांना ठाण्यात न्यावं लागलं असतं.”

मकेवाला मटकन खाली बसला.

“म्हणजे आकडा अजून आहे खाली?” आबांनी विचारलं.

“आहे.”

“मग पुरा घासला गेलाच नाही तर,” आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

साहेबांनी ठरवायचं ते ठरवलं. बंदूक कचेरीत जमा, दोन महिने तरी. नंबर निघाला की अधिकृत ठसा पुन्हा बसेल. मकेवाल्याला समज, हत्यार सोडून गेल्याबद्दल उत्तर लिहून द्यायचं, आणि राखणीला तोवर कचेरीचा बंदूकवाला शिपाई आठ दिवस मिळेल का ते बघू. दुकानाच्या परवान्याचा अर्ज ह्या वर्षी पुढे जाणार नाही.

“ह्या वर्षी,” नकशीवाली म्हणाली.

“ह्या वर्षी म्हणालो मी. पुढच्या वर्षी नवा अर्ज करा. आणि ही वही जपून ठेवा, त्याला जोडायची आहे.”

म्हणजे वर्षभर अंडी मोजायची. तिला रडू आलं नाही, नुसती कंबर दुखायला लागली, दिवसभराची एकदम. मकेवाला तिच्याकडे न बघता म्हणाला, “ती दोन अक्षरं आहेत तशीच राहू देत. बंदूक सुटली की उरलेली तुम्हीच घाला. आईला मी सांगतो.”

साहेबांनी आबांचा जबाब लिहिला. नजर अधू, खुणेच्या समजुतीनं घासले, हेतू नाही. सहीची वेळ आली तेव्हा आबा म्हणाले, पूर्वी करायचो, आता रेघ जुळत नाही. मग साहेबांनी पिशवीतून शाईची गादी काढली. नकशीवालीनं आबांचा उजवा अंगठा धरला, गादीवर टेकवला, कागदावर दाबला आणि उचलला.

कागदावर निळा गोल डाग होता. नुसता डाग. एकही रेघ नाही, एकही वळसा नाही. साहेबांनी भिंग लावलं. “पुन्हा,” ते म्हणाले. पुन्हा तेच. शाई कमी करून तिसऱ्यांदा घेतला, मग डावा घेतला. सगळे डाग सपाट, बंदुकीवरच्या त्या जागेसारखे. साठ वर्षं धातू घासता घासता अंगठ्यावरच्या रेघाही घासून गेल्या होत्या, आणि एवढी वर्षं शेजारी बसून तिनं ते कधी बघितलं नव्हतं.

साहेबांनी भिंग खिशात टाकलं. त्यांनी पेन तिच्या पुढे केलं आणि डागाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिनं आबांचं नाव लिहिलं, सावकाश, कोरावं तसं, आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

आबा हात तसाच पुढे धरून उभे होते.

“उमटलं का गं नीट?”

तिनं साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

“उमटलं, आबा,” ती म्हणाली, आणि पदरानं त्यांच्या अंगठ्याची शाई पुसायला लागली. “अगदी रेघ न्‌ रेघ उमटलीय.”